मागच्या मोरीतला दगड

नडियाद
भाद्रपद वद तीज

चि. तोरल वहूस,

जय श्रीकृष्ण. यापुढे 'अनेक आशीर्वाद' लिहायची रीत आहे, ती आज राहू दे. मनात नसताना दिलेला आशीर्वाद लागत नाही.

फोनच केला असता. पण फोन बैठकीत, आणि बैठकीत सकाळपासून आपल्या लालजींच्या, बाळकृष्णाच्या दर्शनाला कोणी ना कोणी येऊन बसलेलं. गल्लीतल्या बायकांचे कान तुला ठाऊक आहेत.

काल तुझ्या वडिलांनी धोराजीहून फोन करून मला विचारलं, "वेवाण, माझ्या मुलीचा गुन्हा तरी काय?" तू सांगितलेला दिसत नाही. तेव्हा हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाच.

पहिला गुन्हा. श्राद्धाआधी कपाट आवरताना तुझ्या साड्यांखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. मी अडाणी, मला वाटलं डोकेदुखीच्या असतील. कंपाउंडरला दाखवलं तर तो मान खाली घालून म्हणाला, "सरोजबा, या मूल होऊ नये म्हणून घेतात." चार वर्षं मी लालजींपुढे पदर पसरते आहे, आणि माझीच सून रोज गोळी गिळून त्या पदराला भोक पाडते आहे.

दुसरा गुन्हा त्याहून मोठा. मी जाब विचारला तर तू किंचाळलीस, "मूल कुठून होणार, मला पाळीच येत नाही." बरं. पाळी न येणारी बाई दर महिन्याला तीन दिवस मागच्या खोलीत बाजूला कशी बसत होती? कुणाला फसवत होतीस? मला फसवलंस ते सोड, सासूला फसवण्यात सुनांना पुण्य वाटतं. पण तू देवाच्या घरात खोटी विटाळशी झालीस. तू आत मासिकं वाचत लोळायचीस, आणि मी कुरकुरणारे गुडघे घेऊन सेवेचं पाणी भरायची, सामग्री रांधायची, वर तुझं ताट वाढून दुरून सरकवायची. तीन वर्षांत मागच्या मोरीतल्या दगडावर एकदा लाल पाणी वाहिलं नाही, आणि तू कपाळाला बाम चोपडून माझ्यापुढे कण्हत होतीस. आपल्या घरात कांदा शिवत नाही, नाहीतर म्हटलं असतं, नाकाने कांदे सोलायचे तरी किती.

केयूर काही बोलत नाही. पानावर बसतो आणि उठतो. पोराचं तोंड एवढंसं झालं आहे.

दिवाळीनंतर अन्नकूट आहे. सगळी नात, आपली सगळी जातबिरादरी, दर्शनाला येते आणि सगळे तुझं विचारतील. त्याआधी मला उत्तर हवं. नाहीतर नातीतले चार मोठे लोक धोराजीला येतील आणि काय ते मोकळं करतील. केयूरचं वय अजून गेलेलं नाही.

सरोजबा


धोराजी
७ ऑक्टोबर

ती. बा,

जय श्रीकृष्ण.

तुमचं पत्र वडिलांसमोर मोठ्याने वाचलं. 'लाल पाणी' आलं तेव्हा वडील उठून अंगणात गेले. आई वाचून संपेपर्यंत बसली होती. झालं तुमचं समाधान?

आता माझं ऐका, आणि कोणाला ऐकवायचं असेल तर तुम्हीही मोठ्याने वाचा.

मला रोग आहे. आणंदच्या डॉक्टर नयनाबेननी सोनोग्राफी करून सांगितलं. बीज दर महिन्याला पिकून बाहेर पडायला हवं, ते माझ्यात पडत नाही, अर्धवट राहून अंडाशयात बारीक बारीक फोडांसारखं साठतं. म्हणून पाळी महिनोन् महिने येत नाही. पुष्कळ बायकांना असतं. हा शाप नाही आणि कुणाची नजरही लागलेली नाही. या गोळ्यांनी आधी पाळी ताळ्यावर आणायची, सोबत वजन उतरवायचं, आणि मग मूल हवं तर बीज पिकायची दुसरी गोळी द्यायची, असं त्यांचं ठरलं आहे. तुमच्या कंपाउंडरला त्या गोळीचा एक उपयोग माहीत आहे. दुसरा नाही. आता गावभर तोच सांगत फिरत असेल.

हा रोग तुम्हाला दिसत नव्हता असं नाही. तुम्हाला सगळं दिसत होतं. माझ्या हनुवटीवर केस यायचे, मी दोरा फिरवून यायची, तर तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, "आमची वहू न्हाव्याकडे जाऊन आली." मान काळी पडली तर तुम्ही लिंबाची साल हातात दिलीत, "घास, मळ आहे." वजन वाढलं तर तुम्ही म्हणालात, सासरचं अन्न अंगी लागतंय. आणि मी मोहनथाळाचा तुकडा खाली ठेवला तर तोच घास हातात परत दिलात, "लालजींचा प्रसाद नाकारतेस?" डॉक्टरीण म्हणते गोड बंद करा. तुमच्या घरात गोड बंद करायचं म्हणजे देवाचा अपमान.

खोटं बाजूला बसायला मला कुणी शिकवलं ते विचारा. तुम्हीच शिकवलंत. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी दोन महिने बाजूला बसले नाही. तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाही. तुम्ही सरळ पेंडे आणलेत आणि गल्लीत घरोघर वाटलेत. मी स्वयंपाकघरात उभी होते, मला शेजारच्या जसुमतीबेननी येऊन मिठी मारली तेव्हा कळलं की मी गरोदर आहे. आणि काहीच नाही असं पुढे कळलं तेव्हा त्याच जसुमतीबेन दारात येऊन म्हणाल्या, "सरोजबेन, पेंडे तर पचले. आता परत कसे करू?" तुम्ही हसलात. दार लावल्यावर माझ्याशी दहा दिवस बोलला नाहीत.

त्यानंतर मी दर महिन्याला बसू लागले. मी बसले की गल्ली गप्प बसायची. तुमचे गुडघे दुखले त्याचं मला वाईट वाटतं, ते खरं. बाकी कशाचं वाटत नाही.

तोरल


नडियाद
भाद्रपद वद बारस

तोरल,

वाचलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. माझ्या सासूला मी असं एक पत्र लिहिलं असतं तर तिने त्याच कागदाने चूल पेटवून माझ्याकडून पुऱ्या लाटून घेतल्या असत्या.

रोग म्हणे. आमच्या वेळी असले रोग नव्हते. बायका कामं करत होत्या, रोगांना यायला फुरसत नव्हती. आणि असेल रोग, तर सांगायला तोंड नव्हतं? चार वर्षं एका घरात राहिलो. तू पेंड्यांचं लिहितेस. पेंडे मी आनंदाने वाटले, वैराने नाही. गल्लीत माझं तोंड काळं झालं, तुझं नाही. जसुमती मला बोलली, तुला नाही. तू आत उभी होतीस.

तू एकटी आणंदला गेलीस, परक्या डॉक्टरीणबाईपुढे पाय पसरून झोपलीस, गोळ्या आणल्यास, आणि माझा भोळा मुलगा दुकानात बसून हिशेब करतोय, त्याला याचा गंधही नाही. त्याच्या मनाचं काय झालं असेल? मी विचारलं, तर म्हणतो, "बा, जाऊ दे ना." एवढा मवाळ आहे तो. तू त्याचा फायदा घेतलास.

एकाच गोष्टीचं मला समाधान आहे. तू खोटी बसलीस, पण निदान खरी असताना कधी सेवेत आली नाहीस. पाळीच नाही तर विटाळ कुठला. लालजींचं सोवळं अभंग राहिलं. एवढ्यावर मी त्यांच्यापुढे उभी राहू शकते.

आता अटी ऐक. गोळ्या बंद. डॉक्टरीण बंद. डाकोरला अकरा पौर्णिमा चालत जायचं, तो नवस मी बोलले आहे. गल्लीत सांगायचं की आईची तब्येत बरी नव्हती म्हणून गेली होती. हे कबूल असेल तर धनत्रयोदशीला ये. अन्नकूटाला हात कमी पडतात.

सरोजबा


धोराजी
१८ ऑक्टोबर

बा,

या वेळी मी चार दिवस थांबले, कारण पहिल्या दिवशी लिहिलेलं पत्र आईने फाडून टाकलं. हे तिला दाखवणार नाही.

तुमच्या भोळ्या मुलापासून सुरुवात करते. आणंदला मला स्कूटरवर कोणी नेलं? केयूरने. डॉक्टरीणबाईंसमोर माझ्या शेजारच्या खुर्चीत कोण बसलं होतं? केयूर. गोळ्या कोणी विकत आणल्या? नडियादचा औषधवाला तुमचा वैष्णव, तो बोलेल म्हणून दर महिन्याला आणंदहून केयूरच आणायचा, आणि साड्यांखाली ठेव हे त्यानेच सुचवलं. "बाला आत्ता सांगू नको, अन्नकूट होऊ दे." त्याआधी, जन्माष्टमी होऊ दे. त्याआधी, रथयात्रा होऊ दे. तुमच्या घरातले उत्सव संपतच नाहीत, बा.

पाकीट हातात घेऊन तुम्ही मला बोलत होतात तेव्हा तो दाराला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पंख्याकडे पाहिलं. माझा भाऊ न्यायला आला तेव्हा माझी बॅग त्यानेच रिक्षात ठेवली. मवाळ म्हणता ना त्याला? मऊ चिखलातच पाय जास्त रुततो.

मी त्याचं नाव आजवर घेतलं नाही. तो स्वतः घेईल, म्हणून वाट पाहिली. आता बस.

दुसरं. तुम्ही लिहिलंत, तीन वर्षांत त्या दगडावर लाल पाणी वाहिलं नाही. मी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा लाजेने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा थांबले. बा, हे तुम्हाला भाद्रपदात गोळ्या सापडल्यावर कळलं, की तीन वर्षं तुम्ही तो दगड बघत होता? तुमच्या घरात माठातलं पाणी एक पेला कमी झालं तर तुम्हाला कळतं. तुम्हाला माहीत होतं. मी खोटी बसते हे तुम्हाला पहिल्या सहा महिन्यांत कळलं असणार, आणि तुम्ही माझं ताट सरकवत राहिलात. कारण मी बसले की तुमचंही नाक शाबूत राहत होतं. मग फसवलं कोणी कोणाला? आपण दोघींनी मिळून जसुमतीबेनना फसवलं, आणि औषधावाचून मी राहिले.

तिसरं. हे मी लिहिणार नव्हते. पण तुमचं ते समाधान मला सहन होत नाही.

गेल्या फाल्गुनात मी ठरल्याप्रमाणे तीन दिवस बसले, न्हायले, आत आले. आणि त्याच आठवड्यात खरी आली. इतक्या महिन्यांची साठलेली एकदम आली. थांबेना. पण मी तर नुकतीच बसून उठलेली. आठ दिवसांत पुन्हा बाजूला बसले असते तर तुम्ही काय म्हणाला असता? तेव्हा मी बसले नाही. डोल उत्सवाची सगळी सामग्री मी रांधली. ठोर मी तळले, केसर मी घोटलं, लालजींच्या झुल्याची फुलं मी ओवली. दोन दोन साड्यांचे तुकडे कमरेला बांधून, आणि ते तुमच्या दगडावर न धुता गुपचूप फेकून देऊन. रोज वाटायचं आता जीव जाईल. तीन आठवडे ते थांबलं नाही. तेव्हा कुठे केयूर घाबरून आणंदला घेऊन गेला. डॉक्टरीण म्हणाली अंगात रक्त निम्मं राहिलंय, आणखी उशीर केला असता तर बाटल्या चढवाव्या लागल्या असत्या. रक्त भरून येईपर्यंत गोळी सलग घ्यायची, मधे पाळी येऊ द्यायची नाही.

तुमच्या लालजींनी ते सगळं खाल्लं, बा. छप्पर पडलं नाही. तुम्हीच म्हणालात, या वेळचे ठोर काय खुसखुशीत झालेत.

आता पाठवा नातीतले चार मोठे लोक. हे पत्र मी त्यांच्यासमोर वाचेन.

तोरल


नडियाद
आश्विन सुद पौर्णिमा

तोरल,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लिहायला बसले की पेन ठेवून द्यायची.

त्या दिवशी ते वाचून मी सेवेत गेले नाही. ताप आहे म्हणाले आणि पडून राहिले. मनात आलं, लालजींना पंचामृताने न्हाऊ घालावं, प्रायश्चित्त विचारावं. पण विचारणार कोणाला, आणि सांगणार काय? मग मी रागावले. तुझ्यावर रागावले, खूप. देवाशी इतकं मोठं पाप करून वर लिहितेस छप्पर पडलं नाही. कुठल्या दगडाची आहेस?

आणि दगडाचं तू लिहिलंसच आहेस. हो, माहीत होतं. पहिल्या दिवाळीच्या आधीच कळलं होतं. मग काय करायचं होतं मी? विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. खरं कळलं की काहीतरी करावं लागतं. आमच्यात असल्या सुनेचं काय करतात ते मी पाहिलं आहे. माझ्या थोरल्या जावेला तीन पोती भांडी आणि एक बैलगाडी देऊन परत पाठवलं होतं. तू बसत होतीस तोवर कोणी काही विचारत नव्हतं. मला वाटलं, चाललंय ते चालू दे.

पण तू त्या डोलच्या दिवशी रसोईत भिंत धरून खाली बसली होतीस. तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हणाले होते, "उपवास काय तू एकटीच करतेस? ऊठ, कढई करपेल." हे तू पत्रात लिहिलं नाहीस. का लिहिलं नाहीस? एवढं सगळं लिहिलंस ते पुरे नव्हतं? परवापासून मला तेच दिसतं आहे.

केयूरला समोर बसवलं. तुझं पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, वाच, मोठ्याने वाच. तो स्कूटरपर्यंत आला आणि अडला. म्हणाला, "बा, मी काय बोलणार होतो, तू किती रागावली होतीस." मी त्याला म्हटलं, चार वर्षं मी तुझ्यासाठी पदर पसरत होते, आधी एक कणा मागायला हवा होता. त्याला राग आला. येऊ दे. त्या निमित्ताने काहीतरी आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच स्कूटरवर मागे बसून आणंदला गेले. तुझी ती नयनाबेन तरुण पोर निघाली. मला वाटलं होतं म्हातारी असेल. मी म्हटलं, मी तोरलची सासू, आणि ती अशी बघायला लागली की जणू मी चोरीच करून आले आहे. मग नीट बोलली. कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाली महिनोन् महिने पाळी आली नाही तर आतलं अस्तर जाड होत जातं, वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर त्यातून कॅन्सरसुद्धा होऊ शकतो, गोळी त्यासाठी. मी विचारलं, डाकोरला चालत गेलं तर? ती म्हणाली, "चालणं उत्तमच, बा. पण रोज चालायचं. आणि गोळी घेऊन चालायचं."

गोळ्या घेतेस ना तिथे? पाकीट इथेच राहिलं आहे, माझ्या हातात आलं तेव्हापासूनचं.

नातीतल्या लोकांना मी काही सांगितलेलं नाही.

सरोजबा


धोराजी
३ नोव्हेंबर

ती. बा,

गोळ्या घेते. वडील राजकोटहून घेऊन आले. औषधवाल्यासमोर चिठ्ठी धरून उभे राहिले, माझे वडील, ज्यांनी आयुष्यात आईसाठी गजरा आणला नाही. रोज सकाळी आई आणि मी गावाबाहेरच्या रस्त्याने चालायला जातो. चहाच्या टपरीवरची माणसं आधी हसायची, आता रामराम करतात. भाभी मला बाजरीचा रोटला, मेथी आणि ताक देते. गोड कोणी पुढे करत नाही. मान अजून काळीच आहे. तो मळ नव्हता, बा.

तुम्ही आणंदला गेलात हे वाचून मी रडले, आणि रडले म्हणून स्वतःवर चिडले. तुम्ही एकदा गेलात. मी चार वर्षं जगले आहे. तुमच्या 'चाललंय ते चालू दे' मध्ये माझं अर्धं रक्त गेलं. थोरल्या जावेसारखं मला परत पाठवलं जाऊ नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात म्हणता, आणि शेवटी परत पाठवलंतच.

भिंतीचं मी लिहिलं नाही, कारण ते लिहिताना माझा हात थांबला. तुम्हाला ते आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

मला यायचं आहे की नाही ते मलाच नीट माहीत नाही. केयूरचा चेहरा आठवला की पंखा आठवतो. पण घर माझंही आहे, आणि मी चोरासारखी निघाले तशी राहणार नाही. म्हणून आता माझ्या अटी.

मी यापुढे बाजूला बसणार नाही. खोटी नाही आणि खरी पण नाही. माझी पाळी कधी येते, येते की नाही, ते मला आणि डॉक्टरला कळेल. घराला कळणार नाही, गल्लीला तर नाहीच. तुमच्या लालजींचं सोवळं मोडायचं नाही मला. म्हणून मी सेवेतच येणार नाही. महिन्याच्या कुठल्याच दिवशी नाही. माझा वाटा तुमच्या मुलाने उचलावा. त्याला पाळी येत नाही.

गोळ्या साड्यांखाली राहणार नाहीत. पाणियाऱ्यावर, माठाशेजारी, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतील अशा राहतील.

आणि केयूरने इथे यावं, माझ्या वडिलांसमोर, भावासमोर बसावं, आणि गोळ्या कोणी आणल्या ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. पत्र पाठवून चालणार नाही.

तोरल


नडियाद
कार्तिक सुद चौथ

चि. तोरल,

जय श्रीकृष्ण.

तुझ्या अटी वाचून मी पहिल्यांदा म्हटलं, नको येऊस. मोठ्यानेच म्हटलं, घरात कोणी नव्हतं. सेवा सोडते म्हणतेस. तुझ्यासारखा फुलांचा झुला या गल्लीत कोणाला येत नाही, हे मी तुला कधी सांगितलं नसेल. मी लालजींना पंचावन्न वर्षं सांभाळते आहे. माझ्यामागे कोण, हा विचार मी तुझ्या जिवावर मिटवला होता. तो तू एका ओळीत उघडा पाडलास. राग माझाही आहे, तो तुझ्याएवढा जुना नसेल, पण आहे.

तरी केयूरला उठवलं. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, ओलं धोतर, तोंड बंद. पहिल्या दिवशी झारी सांडली. दुसऱ्या दिवशी विचारतो, "बा, रोज एवढं असतं?" मी म्हटलं, रोज, आणि तिने हे तीन आठवडे रक्त जात असताना केलं. त्याने पंख्याकडे बघितलं नाही, मी लक्ष ठेवून होते.

अन्नकूटाचा मोहनथाळ त्याने केला. खालून करपला, वरून कच्चा. नात दर्शनाला आली. जसुमती डोंगरासारख्या मांडलेल्या सामग्रीपुढे उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "वहू दिसत नाही? बाजूला बसली आहे, की या वेळी खरेच पेंडे?"

चार वर्षांपूर्वी मी हसले होते. या वेळी हसले नाही. मी म्हटलं, "जसुमती, माझी वहू आजारी आहे, तिला औषध चालू आहे. तिची पाळी कधी येते ते तिला आणि तिच्या डॉक्टरला माहीत. आणि त्या पेंड्यांचं म्हणशील तर तेव्हा परत केले नाहीस, ते आता विसर."

मग पाठीमागून, कोपऱ्यातून, गल्लीतल्या शारदाच्या सुनेने हळूच विचारलं, "बा, कुठल्या डॉक्टर? आणंदच्या का?" नयनाबेनचा पत्ता मी तिला नंतर दिला.

पाणियाऱ्यावर माठाशेजारचा तांब्या उचलून जागा केली आहे.

हे पत्र टपालाने येणार नाही. केयूर घेऊन येतो आहे. आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मग हे तिच्या हातात द्यायचं, असं त्याला बजावलं आहे. तो अडखळला असेल तर तू मदत केली नसशीलच. त्याचं सांगून झाल्यावरही तुला यायचं नसेल, तर येऊ नकोस. त्याला एकट्याला परत पाठव. मी नातीला तोंड देईन.

सरोजबा


नडियाद, माघ महिना
(तोरलच्या खोलीच्या दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)

विचारायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून विचारत नाही.

पण आज सकाळी तू चालून आलीस तेव्हा कंबर धरून ओट्याला टेकलीस. मी पाहिलं. शेकायची पिशवी गरम पाणी भरून दाराबाहेर ठेवली आहे. फडक्यात गुंडाळली आहे, हात भाजणार नाही. ताट मी सरकवणार नाही. भूक लागली की बाहेर येऊन आमच्याबरोबर बस. रोटला केला आहे. गोड नाही.

मी काही पाहिलं नाही आणि कोणाला सांगणार नाही.

बा


(त्याच चिठ्ठीच्या मागे)

बा,

पिशवी मिळाली. कंबरेला बरं वाटतंय. राग अजून गेलेला नाही. ताट मांडा, येते.

तोरल